एक्सप्रेसवेवर कारला १०० आणि ट्रकला ८०, या फरकामुळेच अपघात होतात का?

कोथरूडकर_परत_आला:

नमस्कार मंडळी. कामानिमित्त पुणे-नवी मुंबई सारखं चालू असतं, बहुतेक वेळा एक्सप्रेसवेनेच, आणि बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय.

सपाटीला कारला लिमिट १००, ट्रक-ट्रेलरला ८०. म्हणजे नियम पाळणारा प्रत्येक कारवाला नियम पाळणाऱ्या प्रत्येक ट्रकला ओव्हरटेक करणारच, कायद्यानेच तशी सोय करून ठेवलीय. ओव्हरटेक आला की लेन बदलणं आलं, आणि उर्से टोल सोडला की पुढे काय चालतं ते तुम्ही सगळे बघताच, तिन्ही लेनमध्ये तीन कंटेनर शेजारी शेजारी आणि मागे आपण डिपर मारत बसलोय, मग कोणीतरी वैतागून अगदी डावीकडून शोल्डरवरून घुसतो. मग सगळ्यांनाच सरसकट ८५ किंवा ९० का करत नाहीत? सगळे एकाच स्पीडला असले तर कोणी कोणाला ओव्हरटेकच करणार नाही, विषय संपला.

दुसरा प्रश्न घरगुती आहे. सासरे शेजारी बसले की म्हणतात, "जावईबापू, डावीकडे ट्रकच्या मागे ८० ने चालवा, सगळ्यात सेफ." आता त्यांना उलट कसं बोलायचं. पण हे खरंच सेफ आहे का? मला तर ट्रकच्या मागे काहीच दिसत नाही, नुसतं ते 'हॉर्न ओके प्लीज' वाचत बसायचं.

मिसळ_विदाउट_पाव:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, सासरे बरोबर आहेत. नेहमीच असतात 😂

पहिल्याचं माहीत नाही, वाचतोय.

लायनर_गरम:

आमच्या घरच्या दोन दहा चाकी आणि एक ट्रेलर हाय, मी स्वतः बरीच वर्षं स्टेअरिंगवर होतो, आता ऑफिस बघतो. म्हणून ट्रकवाल्यांची बाजू कोणीतरी लिहायला पाहिजे का नको.

तीन कंटेनर शेजारी शेजारी का दिसतात ते सांगतो. २०१५ च्या ऑक्टोबरनंतर बनलेल्या मालवाहू गाड्यांना कंपनीतूनच स्पीड गव्हर्नर येतो, ८० च्या वर गाडी जातच नाही, कितीही पाय दाबा. आता एकाचा गव्हर्नर ८० ला कट होतो, दुसऱ्याचा ७८ ला. मागच्याला वाटतं पुढचा हळू हाय, तो बाहेर काढतो. तासाला २ किमीचा फरक. पुढं निघून परत लेनमध्ये यायला निदान ५० मीटर जास्त काटावे लागतात, म्हंजे दीड मिनिट गेलं आणि तेवढ्यात दोन किमी रस्ता संपला. त्या दोन किमीत तुमच्यासारखे पंधरा कारवाले मागं तुंबणार, शिव्या देणार. बरं अर्ध्यात चढ आला आणि माझ्या गाडीत माल जास्त असला तर ना पुढं जाता येतं ना मागं, तसाच लोंबकळत राहतो.

डावी लेन का सोडतात तेही ऐका. कायद्यानं आमची लेन डावीच हाय, ओव्हरटेक करायचा तर मधल्या लेनमधनं. पण डावीकडं पंक्चर झालेली गाडी उभी असती, चहाला थांबलेली असती, आणि चढाला २० नं रांगणारा जुना टँकर असतो. भरलेली दहा चाकी २८ टनाच्या आसपास जाती. एकदा चढाला दम तुटला की परत पिकअप घ्यायला चार गिअर खाली यावं लागतंय आणि डिझेल जातंय ते वेगळंच. म्हणून ड्रायव्हर आधीच मधल्या लेनला येऊन बसतो. चूक हाय का, तर हाय. पण मस्ती म्हणून करत नाही कोणी.

उजव्या लेनला जो ट्रक घालतो त्याचं मी समर्थन करत नाही, त्याला चलान पडलंच पाहिजे.

मीटर_प्रति_सेकंद:

@कोथरूडकर, तुझ्या पहिल्या प्रश्नात अर्धा मुद्दा बरोबर आहे. गाड्यांच्या स्पीडमधला फरक धोकादायक असतो हे खरं आहे. पण तो फरक १०० आणि ८० मधला नाहीच मुळी, तो कुठून येतो ते बघ.

कार १०० आणि ट्रक ८०, म्हणजे तू त्याच्याजवळ तासाला २० किमीने सरकतोस, सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. शंभर मीटर मागे असलास तर त्याला गाठायला १८ सेकंद आहेत, आरसा बघ, इंडिकेटर दे, आरामात लेन बदल. आता तोच ट्रक चढावर २० ने जातोय आणि तू १०० ने येतोयस, तर तेच शंभर मीटर साडेचार सेकंदात संपतात. आणि ट्रक बंद पडून लाइट न लावता उभा असेल तर साडेतीन सेकंद, त्यातले दीड सेकंद तुझा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गेले, म्हणजे ४० मीटर तू काहीही न करता पुढे आलेला असतोस. खरे अपघात इथे होतात. कागदावर सगळ्यांना ९० केलं म्हणून चढावरचा लोडेड ट्रक काही ९० ने पळणार नाहीये, तो २० नेच जाणार.

ट्रकला ८० का, तर वजन. ८० वरून १०० ला गेलं की गाडीतली ऊर्जा ५६ टक्के वाढते, कार असो नाहीतर ट्रक, पण कारची ऊर्जा जिरवायला ब्रेकला जमतं आणि २८ टनांची जिरवायला रस्ता लागतो. त्यामुळे ट्रकला वर आणणं शक्य नाही, आणि कारना खाली ८० वर आणलं तर लोक पाळणार नाहीत, मग पाळणारे आणि न पाळणारे यांच्यातलाच फरक वाढेल, म्हणजे तुला जे टाळायचंय तेच होईल.

आता कारच्या लिमिटचा इतिहास. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने एक्सप्रेसवेची कमाल मर्यादा वाढवली, कारला १२०, बसला १००, मालवाहू गाड्यांना ८०. पण ती वरची हद्द आहे, राज्यं त्यापेक्षा कमी ठेवू शकतात, आणि आपल्याकडे पुणे-मुंबईला सपाटीवर १०० ठेवलंय, घाटात त्याहून बरंच कमी. घाटातला आकडा मधे मधे बदललाय त्यामुळे व्हॉट्सॅपवर आलेलं धरून चालू नका, रस्त्यावरचा बोर्ड वाचा.

वेळ किती वाचतो तेही बघ एकदा. घाट सोडून ८० किमी सपाटी धर. १०० ने ४८ मिनिटं, ८० ने ६०. बारा मिनिटं! तेवढा वेळ फूड मॉलला वडापावच्या लाइनीत जातो.

कोथरूडकर_परत_आला:

@मीटर, हे साडेतीन सेकंदवालं वाचून पोटात गोळा आला राव. पण मग सासऱ्यांचं काय? ट्रक ८० ने, मी ८० ने, फरक शून्य. तुमच्याच हिशोबाने सगळ्यात सेफ झालं की.

मीटर_प्रति_सेकंद:

फरक शून्य आहे तोपर्यंतच. पुढच्याने ब्रेक मारला की कळतं. ट्रकच्या मागे किमान तीन सेकंदांचं अंतर हवं, ८० ला ते ६५ मीटरच्या पुढे जातं, आणि आपल्याकडे लोक दहा मीटरवर चिकटतात. तो सायनबोर्डाच्या खांबापाशी आला की मोजायला लाग, एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन, मोजून संपायच्या आधी तू त्या खांबापाशी पोचलास तर जवळ आहेस. आणि तुला जर 'हॉर्न ओके प्लीज' वाचता येतंय तर नक्कीच जवळ आहेस :)

ट्रकच्या मागे घुसणं कारसाठी इतकं वाईट का, तर बॉनेट खालून आत जातं. कारचा जो भाग चुरगळून धक्का पचवायला बनवलाय तो कशालाच लागत नाही, ट्रकची बॉडी सरळ पुढच्या काचेवर येते, मग एअरबॅग असून उपयोग होत नाही. म्हणून ट्रकला मागे खाली आडवा गार्ड आणि लाल रिफ्लेक्टर टेप सक्तीची आहे. प्रत्यक्षात तो गार्ड कसा असतो? माल चढवायच्या धक्क्याला घासतो म्हणून वर वाकवलेला, नाहीतर गंजून एका बोल्टवर लटकलेला, आणि टेपवर चिखल. विनायक मेटे गेले ऑगस्ट २०२२ मध्ये, माडप बोगद्याजवळ, पहाटेच्या वेळी, त्यांची गाडीही ट्रकवरच आदळली होती. त्यानंतर महिन्याभरातच सायरस मिस्त्री, ते या रस्त्यावर नाही, पालघरला अहमदाबाद हायवेवर सूर्या नदीच्या पुलावर, मागच्या सीटवर होते आणि बेल्ट नव्हता. तेव्हा सासऱ्यांना पुढे बसवा नाहीतर मागे, बेल्ट लावायला लावा.

थोडक्यात सपाटीला मधल्या लेनमधून ८५-९० ने चाल, पुढे ट्रक असेल तर अंतर ठेव, उजवीकडून काढ आणि काढून झालं की परत मधे ये. उजव्या लेनला घर बांधू नकोस.

संत्रानगरी_एक्सप्रेस:

अरे भाऊ तुम्ही पुणे-मुंबईवाले फक्त घाटाचंच बोलून राहिले. आमच्या समृद्धीवर या एकदा. ७०१ किलोमीटर, सरळच्या सरळ, ना वळण ना गाव ना सिग्नल. कारला १२० आन ट्रकले ८०, म्हणजे फरक थेट ४० चा. @मीटर भाऊंच्या हिशोबाने सेकंदाले ११ मीटर होते. दिवसा काही वाटत नाही, पण रात्री दोन-अडीच वाजता ४०० मीटरवर जो लाल ठिपका दिसते तो ८० ने चालून राहिला का उभाच आहे हे डोळ्याले समजतच नाही. समजेपर्यंत आपण त्याच्या डिक्कीत.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी उघडला तेव्हा सुरुवातीले ना धड पेट्रोलपंप होते ना चहा. थांबायचं कुठं? मग ट्रकवाले शोल्डरवरच लावून झोपत. १ जुलै २०२३ ले सिंदखेडराजाजवळ ट्रॅव्हल्स उलटून पेटली, २५ लोक गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर मागून ट्रकवर आदळली, १२ गेले, त्यात लहान लेकरंही होते. दोन्ही रात्रीचेच.

तिकडं झोप येते हा खरा प्रॉब्लेम आहे बाप्पा. स्टेअरिंग हलवायचंच नाही तर माणूस उघड्या डोळ्याने झोपते. आन टायरचं बी पहा, उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता तापून राहते, तुम्ही चार वर्षं जुने टायर घेऊन १२० ने दोन तास सलग ताणले की फुटलंच समजा. मधे आरटीओवाले एंट्रीलेच टायर चेक करत होते, घासलेले असले की परत पाठवत. लोक चिडत होते, पण मले तर बरंच वाटलं.

आपण तर शंभरवर क्रूझ लावतो, दीड-दोन तासाने उतरतो, तोंडावर पाणी मारतो, बायको म्हणते इतकं हळू जायचं होतं तर जुन्या रोडनेच जायचं.

मँचेस्टरचा_मावळा:

इकडची थोडी माहिती टाकतो, मूळ प्रश्नाशी संबंध आहे म्हणून.

यूकेत मोटरवेला कारला ७० मैल, म्हणजे ११२ किमी. साडेसात टनांवरच्या लॉरीला ६० मैल लिमिट आहे, पण लिमिटर ५६ ला लावलेला असतो, म्हणजे ९० किमी. जर्मनीत तर ट्रकला ८० आणि कारला बऱ्याच ठिकाणी लिमिटच नाही, नुसती १३० ची शिफारस. म्हणजे फरक इथेही आहे, काही ठिकाणी तुमच्यापेक्षा जास्तच. तरी इथले मोटरवे इथल्या बाकी रस्त्यांपेक्षा जास्त सेफ समजले जातात. त्यामुळे नुसत्या फरकाला दोष देण्यात अर्थ नाही.

मला वेगळेपण दोन गोष्टींत दिसतं. तीन किंवा जास्त लेन असतील तर अगदी उजवीकडच्या लेनमध्ये मोठ्या लॉरीला जायला बंदी आहे आणि ती पाळली जाते, इतक्या वर्षांत तिथे लॉरी बघितल्याचं आठवत नाही. आणि कारवाल्यांनाही सूट नाही, डावी लेन मोकळी असताना उगाच मधली लेन अडवून बसलात तर १०० पौंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट, २०१३ पासून. तुमच्याकडे सगळी चर्चा ट्रकवाल्यांवर, पण ७० ने उजव्या लेनमधून फोनवर बोलत जाणारी एसयूव्ही? तिला कोण बोलतं?

दुसरं म्हणजे ड्रायव्हरचे तास. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, ट्रकमधल्या टॅकोग्राफवर सगळी नोंद होते आणि मालकाला 'जरा ताण रे' असं सांगायची सोयच राहत नाही.

बाकी लायनरदादा म्हणाले ती दोन ट्रकची रेस इथेही सेम टू सेम आहे, दोघांचेही लिमिटर ५६ ला आणि दोन मैल शेजारी शेजारी. मागच्या कारवाल्यांचे चेहरे पण सेम.

लायनर_गरम:

@मावळा, तासांचं बोललात ते बरं केलं. कायदा आपल्याकडं पण हाय बरं का, १९६१ चा, मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा, दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. किती जणांना माहिती हाय? भाजीचा माल पहाटे वाशी मार्केटला लागला नाही तर भाव पडतो आणि व्यापारी भाड्यातनं कापतो, मग ड्रायव्हर कुठला थांबतोय. जोडीला दुसरा ड्रायव्हर पूर्वी असायचा, आता भाडं परवडत नाही म्हणून एकट्यावर चालवतात, क्लीनर पोरगं असतं ते आधीच झोपलेलं. केबिनमध्ये उन्हाळ्यात इंजिनची गरमी अशी की पाय भाजतात. आता ऑक्टोबर २०२५ पासून नवीन ट्रकला एसी केबिन सक्तीची केलीय, चांगलं झालं, पण रस्त्यावर जुन्याच गाड्या जास्त.

घाटाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण बोरघाटातले मोठे अपघात उतारालाच होतात, मुंबईच्या बाजूला. आमच्या उस्तादानं शिकवलं होतं, ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरवायचा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक नुसता अधूनमधून टच करायचा. पण डिझेल वाचवायला काही पोरं न्यूट्रल करून गाडी सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर. सारखं दाबून लायनर तापतात, आधी जळका वास येतो, रबर आणि लोखंड एकत्र जळाल्यासारखा, मग चाकातनं धूर निघतो, आणि मग पाय दाबला तरी गाडी धरत नाही. हवेचे ब्रेक आहेत, सारखं पंप केलं की टाकीतली हवा पण उतरती. त्यानंतर गिअर टाकायला गेलं तर पडत नाही कारण स्पीड वाढलेला असतो. पेपरात येतं 'ब्रेक फेल'. ब्रेक फेल होत नाही ओ, ब्रेक जाळला जातो.

त्यामुळं खंडाळ्याच्या खाली ट्रकच्या चाकातनं धूर दिसला किंवा तो वास आला तर त्याच्या पुढं जाऊन बसू नका, आणि त्याच्या पुढ्यात कट मारून तर अजिबात नको. त्यानं जी गॅप ठेवलेली असती ती त्याच्या ब्रेकसाठी असती, तुमच्यासाठी जागा ठेवली नाही त्यानं. हे कारवाल्यांना कळत नाही. पुढं मोकळी जागा दिसली की घुसले.

मिसळ_विदाउट_पाव:

ते शेवटचं वाक्य प्रिंट काढून टोलनाक्यावर लावा.

आणि ते कॅमेरे? जुलै २०२४ पासून लावलेत ना सगळीकडे, त्याने काही फरक पडला का? माझ्या मित्राचं म्हणणं कॅमेऱ्यापाशी स्लो केलं की झालं.

मीटर_प्रति_सेकंद:

मित्राला सांग पैसे साठवून ठेव. ती सिस्टीम एका जागचा स्पीडच नाही तर सरासरीही काढते, या कमानीखालून किती वाजता गेलास आणि पुढच्या कमानीखालून किती वाजता, अंतर ठरलेलंच आहे, भागाकार केला की उत्तर. कमानीपाशी ब्रेक मारून मधे १३० ने पळालास तर सरासरीत पकडला जाशील. शिवाय सीटबेल्ट, मोबाइल, लेन कटिंग हे सगळं त्यात येतं. कायद्यात ओव्हरस्पीडला हलक्या गाड्यांना १,००० ते २,००० आणि मध्यम-जड गाड्यांना २,००० ते ४,००० दंड आहे.

मला विचाराल तर कॅमेऱ्याइतकीच महत्त्वाची कामं त्याआधी झाली होती. २०१६ मध्ये या ९५ किमीत १५१ माणसं गेली होती. तेव्हा सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) आणि महामार्ग पोलिसांनी मिळून झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर सुरू केला. शोल्डरवर उभ्या गाड्या हटवणं, उघड्या काँक्रीटच्या खांबांपुढे क्रॅश बॅरियर लावणं असली बारीक कामं. शून्य काही झालं नाही, पण आकडा बराच खाली आला.

लायनर_गरम:

कॅमेऱ्यांना विरोध नाही, पण लेन कटिंगचं चलान आमच्या गाडीला पडलं तेव्हा डाव्या लेनला बंद पडलेला ट्रेलर होता, फोटोत पण दिसतोय. ऑनलाइन तक्रार टाकली, अजून उत्तर नाही. जुलै २०२५ मध्ये वाहतूकदारांनी संप केला तो याच ई-चलानवरनं. पुढं काय अडलंय ते बघून चलान लावा एवढंच म्हणणं हाय.

कोथरूडकर_परत_आला:

सगळ्यांचे आभार, ८५ मधली लेन फायनल. सासऱ्यांना तीन सेकंद मोजायचं काम देतो, गप्प पण बसतील.

लायनरदादा, एक शेवटचं. रात्री ओव्हरटेक करताना डिपर दिला तर तुम्हा लोकांना राग येतो का? आणि तुम्ही उजवीकडचा इंडिकेटर देता तो 'ये' म्हणून असतो का 'येऊ नको' म्हणून? माझा कायम गोंधळ होतो.

लायनर_गरम:

राग कशाचा, एकदा डिपर द्या, आरशात दिसतं. सारखा मारत राहिलात तर मात्र आरशातनं डोळ्यावर येतो आणि मग पोरं मुद्दाम जागा देत नाहीत, खरं तेच सांगतो.

इंडिकेटरचं म्हणाल तर साध्या दोन पदरी रोडला काही जण उजवा देऊन 'पुढनं गाडी येतीय, थांब' सांगतात, काही जण तोच देऊन 'जा' म्हणतात, त्यामुळं त्याच्या भरवशावर जाऊच नका. एक्सप्रेसवेला मात्र उजवा इंडिकेटर म्हंजे तो बाहेर काढतोय, बास. तेव्हा मागंच राहा. आणि ट्रेलर असला तर तुम्हाला त्याचा आरसा दिसत नसला की त्याला पण तुम्ही दिसत नाही, तिथं रेंगाळायचं नाही, एकतर पुढं निघा नाहीतर मागं या.